स्पिंडल सँडर घ्यायचाय? खिशात दहाचं नाणं आणि पिशवीत महिरप घेऊन जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जोगेश्वरीत १० बाय २० फुटांचा गाळा, सिंगल फेज मीटर, तुम्ही आणि दोन कारागीर. काम देव्हारे, चौरंग, पाळणे, अधूनमधून खुर्च्या. बँडसॉ आहे, १२ इंची डिस्क सँडर आहे. आतल्या गोलाया हाताने घासण्यात दिवसच्या दिवस जातात, म्हणून स्पिंडल सँडर घ्यायचाय, म्हणजे टेबलाच्या भोकातून वर आलेल्या उभ्या, फिरत्या दांड्यावर (स्पिंडलवर) काचपेपर चढवलेला गोल ड्रम असलेलं मशीन. समोर तीन पर्याय आहेत: बेंचवर ठेवायचा साधा स्पिंडल सँडर, पट्टा आणि स्पिंडल एकत्र असलेलं जोड-मशीन, आणि एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं, जमिनीवर उभं राहणारं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) थ्री फेज मशीन, जे स्वस्तात मिळतंय. शिवाय तुमचे मिस्त्री म्हणतायत की खर्च कशाला, ड्रिल मशीनला ड्रम लावू.

उत्तर आधीच देतो. साधा बेंचवरचा घ्या, पण बिडाच्या टेबलाचा आणि इंडक्शन मोटरचा. जुनं बिडाचं मशीन तिघांत सगळ्यात चांगलं आहे, तरी ते तुमच्यासाठी नाही. आता कारणं सांगतो, कारण दुकानात उभे राहिलात की विक्रेता तुम्हाला "साहेब, सहा स्पिंडल फ्री" एवढंच सांगणार आहे.

पहिली गोष्ट घरीच करायची. तुमचे सगळे फर्मे (आकार आखायचे साचे) जमिनीवर मांडा आणि प्रत्येकातली सगळ्यात आवळ आतली गोलाई शोधा. मोजपट्टी नको, दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिमी असतो. ते नाणं ज्या गोलाईत टेकून मोकळं फिरतं, तिथे २६ मिमीचा ड्रम चालेल. अडकलं तर १९ किंवा १३ मिमी लागणार. उलट चौरंगाच्या झालरीसारख्या मोठ्या, पसरट गोलाया असतील तर ५१ आणि ७६ मिमीचे ड्रमच खरं काम करणार. नियम एकच: गोलाईत मावेल तो सगळ्यात मोठा ड्रम लावायचा. बारीक ड्रमने मोठी गोलाई घासली की लाटा पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण पॉलिशचा पहिला हात मारला की उजेडात सगळ्या उठून दिसतात, आणि तेव्हा गिऱ्हाईक शेजारी उभं असतं.

देव्हाऱ्याच्या महिरपीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण तुमच्या कामातली खरी अडचण तीच आहे. महिरपीत चार-पाच लहान कमानी ओळीने येतात आणि दोन कमानींच्या मध्ये लाकडाचं एक टोक राहतं. कमान घासताना ड्रम त्या टोकाशी पोचला आणि हात अर्धा सेकंद जरी रेंगाळला, तरी टोक बोथट होतं. आमच्याकडे एका मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सागवानाच्या सहा महिरपी अशा केल्या की सगळी टोकं चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली. त्यांचा दोष नव्हता, मी ड्रम चुकीचा लावून दिला होता. टोकाच्या अलीकडे दोन मिमी थांबायचं, तुकडा उचलायचा, आणि पुढची कमान नव्याने धरायची. राहिलेले ते दोन मिमी कानशीने. आणि महिरपीचा सगळ्यात वरचा कोपरा, जिथे दोन बाजू वर जाऊन खाचेसारख्या मिळतात, तिथे कुठलाच स्पिंडल पोचत नाही. गोल वस्तू टोकदार खाचेत जाणार कशी? तिथे पटाशी आणि काचपेपरची घडीच. म्हणजे हे मशीन घेतल्यावर हातकाम बंद होईल असं कारागिरांना सांगू नका. माझ्या अंदाजाने तीन चतुर्थांश कमी होईल, तेवढं पुष्कळ आहे.

आता मोटर. मशीनच्या अंगावरची पाटी वाचायची सवय लावून घ्या. त्यावर एस-१ लिहिलं असेल तर मोटर दिवसभर सलग चालण्यासाठी आहे. एस-२ आणि पुढे ३० मिनिटं असं काही लिहिलं असेल तर अर्धा तास चालवून थंड होऊ द्यायची. घरी छंद म्हणून काम करणाऱ्याला एस-२ पुरते. गणपतीच्या आधीच्या महिन्यात तुमचं मशीन सकाळी नऊला सुरू होऊन रात्री आठला बंद होईल, तिथे नाही. दुसरी खूण: मोटरच्या दोन्ही अंगांना स्क्रूड्रायव्हरने फिरवायची कार्बन ब्रशची झाकणं दिसली की ती युनिव्हर्सल मोटर. ती किंचाळते, आणि ब्रश झिजतात. इंडक्शन मोटर जड असते, गुणगुणते, आणि नीट ठेवली तर बेअरिंगशिवाय काही मागत नाही. शेजारच्या गाळ्यात हिशोबनीस बसत असेल तर हा फरक त्यालाही कळेल.

इथे माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने अमेरिकेहून परत येताना सामानाच्या कंटेनरमधून स्पिंडल सँडर आणला आणि मला स्वस्तात दिला. १२० व्होल्टचा. मी लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला आणि वाटलं, झालं काम. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, पण हर्ट्‌झ बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्‌झ, आपली ५०. इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्‌झवर ठरतो, त्यामुळे १७२५ फेऱ्यांची मोटर इथे १४४० च्या आसपास फिरू लागली. वेग कमी झाला हे चाललं असतं. पण ६० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेल्या मोटरला ५० वर पूर्ण १२० व्होल्ट दिले की तिचा लोखंडी गाभा भरून जातो आणि ती नुसती चालूनसुद्धा तापते. तिसऱ्या आठवड्यात वार्निश जळल्याचा वास आला. रिवाइंडिंगचा खर्च धरला तर नवीन मशीन स्वस्त पडलं असतं. तेव्हा मामा, आत्या, मावसभाऊ कोणीही तिकडून आणून देतो म्हणालं तरी हात जोडा.

वेगाचा अजून एक हिशोब आहे, तो फार जण करत नाहीत. बहुतेक लहान मशिनांना एकच वेग असतो, मिनिटाला साधारण दोन हजार फेऱ्या धरा. त्या वेगात ७६ मिमीच्या ड्रमचा पेपर लाकडावरून सेकंदाला जवळपास ८ मीटर धावतो, आणि १३ मिमीच्या स्पिंडलचा फक्त १.४ मीटरच्या आसपास. म्हणजे बारीक स्पिंडल सहापट हळू घासतो. कारागीर मग काय करतो? दाब वाढवतो. बारीक स्पिंडल दाबाने वाकतो, कड तिरकी होते, पेपर तापून बुजतो. बारीक स्पिंडलवर खडबडीत पेपर आणि हलका हात, मोठ्यावर जरा बारीक पेपर. मी १३ आणि १९ वर ८० नंबर, ५१ आणि ७६ वर १२० लावतो. त्यापुढचं १८० हाताने.

स्पिंडल वरखाली होतो, त्याचं महत्त्व सगळे सांगतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. बेंचवरच्या मशिनांत तो मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा, १६ ते २५ मिमी उचलला जातो. त्यामुळे पेपरचा एकच पट्टा झिजत नाही, आडव्या रेघा पडत नाहीत, लाकूड कमी करपतं. वर जाताना आणि खाली येताना टकटक आवाज आला तर गिअर किंवा कॅम ढिला आहे. नवीन मशीनमध्येही येतो कधीकधी. दुकानात चालू करून दोन मिनिटं कान देऊन ऐका.

मी जास्त वेळ देतो तो गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराला. मशीन बंद ठेवून, स्लीव्ह (ड्रमवर बसणारी काचपेपरची नळी) चढवून, टेबलावर गुण्या उभा करा आणि ड्रमला चारही बाजूंनी लावून पाहा. एक अंशाचा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटेल. ५० मिमी जाडीच्या पायावर तो एक अंश म्हणजे जवळजवळ ०.९ मिमी. पाळण्याच्या दोन फळ्या एकावर एक ठेवल्या की त्यातून उजेड दिसतो. पत्र्याचं किंवा पातळ ॲल्युमिनियमचं टेबल आज काटकोनात असतं आणि एखाद्या कारागिराने त्यावर कोपर टेकून चहा प्यायला की उद्या नसतं. म्हणून बिडाचं टेबल मागतोय मी. टेबल ४५ अंशांत झुकत असेल तर उत्तम, पण झुकवून परत शून्यावर आणलं की ते खरंच शून्यावर येतं का, हे तीन वेळा करून बघा. शून्याला अडवणारा स्क्रू असतो, तो नसलेलं मशीन मी घेत नाही.

टेबलाच्या भोकातल्या चकत्याही मोजा. प्रत्येक ड्रमला त्याच्या मापाची चकती हवी. १३ मिमीच्या स्पिंडलभोवती ७६ च्या चकतीचं भोक राहिलं तर लहान तुकडा त्यात तोंड घालतो, आणि मागोमाग बोट. चकत्या हरवल्या तर ६ मिमी प्लायच्या करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

रबरी ड्रम वरचं नट आवळलं की फुगतो आणि स्लीव्ह पकडतो. इथे सगळ्यांचा हात जड असतो. जास्त आवळला की ड्रम मध्ये पिंपासारखा फुगतो, आणि कडेच्या मधोमध खोलगट घासतो. हाताने स्लीव्ह फिरत नाही एवढं आवळलं की बस.

आता स्लीव्ह. मशीन एकदा घ्यायचं असतं, स्लीव्ह दर महिन्याला, म्हणून आधी स्लीव्ह कुठे मिळते ते बघा आणि मग मशीन. मापांत गंमत आहे. बरीच मशिनं इंचावर बनलेली असतात, पेटीवर ५१ लिहितात पण असतो २ इंच, म्हणजे ५०.८. कुणी तुम्हाला ५० ची स्लीव्ह दिली तर ती चढणारच नाही. लांबीही दोन-तीन प्रकारची, साडेचार इंच वेगळी, साडेपाच वेगळी. नागदेवीला, मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, जाताना नमुन्याची स्लीव्ह पिशवीत ठेवा आणि तीन दुकानांत विचारा, "हीच, याच लांबीची, ८० आणि १२० नंबरमध्ये, डझनावर देणार का?" तिघांनीही "मागवून देतो" म्हटलं तर ते मशीन कितीही देखणं असलं तरी सोडा. ऑगस्टमध्ये मागवलेली स्लीव्ह विसर्जनानंतर येते.

आणि पावसाळा. कागदी पाठीची स्लीव्ह जूनमध्ये कपाटाबाहेर राहिली की हवा ओढते, ढिली पडते आणि ड्रमवर फिरू लागते. कापडी पाठीची घ्या, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. मी फरसाणाचे जुने पत्र्याचे डबे वापरतो, आत मूठभर सिलिका जेलच्या पुड्या. बिडाच्या टेबलाला मे महिन्यातच मेणाचा हात द्या, नाहीतर पहिल्या सरीनंतर सोमवारी सकाळी टेबल तांबूस झालेलं दिसेल आणि तो डाग तुमच्या पांढऱ्या ॲश लाकडावर उतरेल. तेल लावू नका, ते लाकडात जातं आणि पॉलिश धरत नाही.

सागवान घासताना स्लीव्ह लवकर भरते. सागात तेल असतं, शिवाय सिलिकाही असतं, म्हणजे एकीकडे पेपर बुजतो आणि दुसरीकडे झिजतो. बुजलेली स्लीव्ह फेकू नका. चप्पल-बुटांचं सामान विकणाऱ्यांकडे कच्च्या क्रेप रबराचा सोल मिळतो, त्याचा तुकडा चालू ड्रमवर हलका टेकवा. भुसा त्याला चिकटून निघतो. खास याच कामाच्या म्हणून काठ्या मिळतात, त्या हेच रबर जास्त पैशांत देतात. खालचा भाग झिजला की स्लीव्ह उलटी करा. मधला भाग कोराच राहिला असेल तर टेबलावर १८ मिमी प्लायचं खोटं टेबल चढवा. एका स्लीव्हमध्ये दोन स्लीव्हचं काम होतं.

धुळीबद्दल मात्र मी कंजूसपणा करू देणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. रंध्याचा भुसा जमिनीवर पडतो, सँडरची धूळ हवेत राहते. त्यात सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, हे तुमच्या कारागिरांना विचारा. २०१८ च्या थर्मोकोल बंदीनंतर एमडीएफची मखरं वाढली आहेत. तुम्हीही करत असाल तर ती धूळ सगळ्यात बारीक, आणि तिच्यासोबत डिंकही. मशीनला धूळ ओढायचं तोंड किती मिमीचं आहे ते बघा, आणि तुमच्या व्हॅक्यूमचा पाइप त्याला बसतो का तेही. दुकानात ड्रमशेजारी चकतीच्या भोकावर टिश्यू पेपरची चिंधी धरा. व्हॅक्यूम लावल्यावर चिंधी खाली ओढली गेली पाहिजे. नुसती थरथरली तर धूळ तुमच्याच नाकात जाणार. कापडी पिशवीचा कलेक्टर मोठा भुसा धरतो आणि बारीक धूळ पिशवीतून परत गाळ्यात सोडतो, म्हणून एन-९५ मास्क त्यासोबतही लागतोच. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

आता तुमचे पर्याय. बिडाचं थ्री फेज मशीन पाहिलं की मन जाणारच. माझंही गेलं असतं. जड बूड, कंप नाही, स्पिंडल टेपरमध्ये (निमुळत्या खोबणीत) बसतो, तो सरळच राहतो. पण तुमच्याकडे थ्री फेज नाही, त्यासाठी मंजूर भार वाढवायचा अर्ज, केबल, खर्च. मशीन उतरवायला चार माणसं. आणि २०० चौरस फुटांत ते एकदा बसलं की बसलं, फळी फिरवायला जागा उरणार नाही. पुढेमागे मोठा गाळा घेतलात तर तेव्हा असंच मशीन शोधा.

जोड-मशीन ज्याच्याकडे डिस्क सँडर नाही त्याला मी डोळे मिटून सांगितलं असतं. पट्ट्यावर बाहेरच्या गोलाया छान होतात. तुमच्याकडे बाहेरच्या गोलाईसाठी डिस्क आहे. मग पट्टा उतरव, ड्रम चढव, परत पट्टा लाव, यात तुमचा कारागीर दिवसातून दहा वेळा अडकेल, आणि शेवटी कंटाळून एकाच ड्रमवर सगळं घासेल. हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

आणि मिस्त्रींचं ड्रिल मशीन. त्यांना नाही म्हणताना जपून म्हणा, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ड्रिलवरचा ड्रम फर्म्याच्या वर अधांतरी ठेवता येतो, खाली ड्रमच्याच व्यासाची चकती लावून फर्मा तिला टेकवत फिरवला की शंभर नग एकसारखे निघतात. हे स्पिंडल सँडरवर सहज जमत नाही. पण ड्रिलची बेअरिंगं खालच्या दिशेच्या दाबासाठी असतात, बाजूच्या नाही, आणि टेपरवर नुसता घट्ट बसलेला चक (ड्रिलचा बिट धरणारा जबडा) बाजूच्या दाबाने ढिला होऊन फिरताफिरता खाली पडू शकतो. माझ्या गाळ्यात पडलाय. टेबलावर आदळून भिंतीपर्यंत गेला, मधे कोणी नव्हतं एवढंच नशीब. एखाद्या छोट्या ऑर्डरला, हलक्या हाताने, ठीक. रोजचं नको.

मशीन आलं की कारागिरांना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवा. बँडसॉवर रेघेच्या बाहेर एक मिमी ठेवून कापायचं, तीन नाही. सँडर लाकूड कापायला नाही, रेघेपर्यंत पोचायला आहे. आणि तुकडा नेहमी ड्रमच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवायचा. सोबत नेला तर ड्रम तो हातातून ओढून फेकतो. टेबलावर खडूने बाण काढून ठेवा, पुसला की परत काढा.

खरेदीला जाताना स्वतःच्या मापाची, बँडसॉवर कापलेली एक कच्ची महिरप पिशवीत न्या आणि दुकानातल्या चालू मशीनवर घासून मागा. घासू देत नसतील तर पुढचं दुकान. नागदेवीची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी जा, दुपारनंतर गर्दीत कोणी तुम्हाला मशीन लावून दाखवणार नाही.